तिसऱ्या वाकळेचं मी बोललेच नाही

कोल्हापुरात वहिनी आणि तिच्या भिशीतल्या बायकांनी सीमेवरच्या जवानांसाठी वाकळा शिवायला घेतल्या. त्यावर चुलत दादानं घरच्या ग्रुपवर लिहिलं, "हे काय १९६२ आहे, स्वेटर विणून पाठवायला? सरकार थर्मल देतं. फोटोपुरती देशभक्ती." खाली अंगठ्यांची रांग. माझं डोकंच फिरलं. इथं कॅनबेरात बाहेर उणे चार, आणि मी डूना, म्हणजे इथली जाड रजई, गळ्यापर्यंत ओढून त्याला उत्तर टाइप करत बसले.

चांगीचं सांगितलं. फेब्रुवारी १९४२मध्ये सिंगापूर जपान्यांच्या हाती पडलं आणि गोऱ्या बायकांना मुलांसकट चांगीच्या तुरुंगात कोंडलं. फौजेतला नवरा जिवंत आहे की गेला, काही कळायची सोय नाही. तेव्हा एथेल मुलव्हेनी या कॅनेडियन बाईंनी शक्कल काढली. प्रत्येकीनं कापडाच्या एका चौकोनावर आपलं नाव आणि मनातलं काहीतरी भरायचं. असे ६६ चौकोन जोडून एक वाकळ, जखमी सैनिकांच्या इस्पितळाला भेट. भेट म्हटल्यावर अधिकारी सोडतात, आणि पलीकडे बायकोचं नाव वाचता येतं. दादा, तिथं तुझं थर्मल काय कामाचं?

"आपल्याकडे असलं कोण जपतं? इथं वॉर मेमोरियल संग्रहालयानं जपलंय," असंही वर ठोकून दिलं. त्यावर तो म्हणाला, "तिकडे बसून बोलायला काय जातं?" ते झोंबलं. मी 'इथं' म्हणते खरी, पण अँझॅक डेच्या, म्हणजे इथल्या सैनिकांच्या स्मृतिदिनाच्या पहाटे शेजारीण आजोबांची पदकं छातीवर लावून उभी असते, आणि तिच्या बाजूला मी, कोटाला रोझमेरीची काडी टोचून. कुणाची कोण म्हणून?

आणि दादाला मी अर्धंच सांगितलं. वाकळा तीन होत्या. एक ब्रिटिश जखमींसाठी, एक ऑस्ट्रेलियन, आणि तिसरी जपानी जखमींसाठी. तिच्या पाठीवरही तेच भरलंय: तुमच्या वेदनांबद्दल आमची सहानुभूती. ज्यांनी कोंडलं त्यांनाच! ती दिली म्हणून बाकीच्या दोन बाहेर जाऊ दिल्या, असं म्हणतात. असेल चाल, पण चौकोन तिलाही ६६च. शेजारणीला मी हे कौतुकानं सांगते. ग्रुपवर मात्र लिहिलं आणि पुसलं. 'शत्रूचा पुळका' एवढं एकच उत्तर आलं असतं, आणि मला अजून त्या ग्रुपमध्ये राहायचंय.

वहिनीला तेवढं वेगळं कळवलं. पाठीवर शेवटी 'ही ड्रायक्लीन केलेली बरी' असंही भरलंय, तेही लिहिलं.

"तुरुंगात कसलं गं ड्रायक्लीन!" ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, "आजींची वाकळ माळ्यावर पडून आहे. कडेनं उसवलीय. तू नेणार आहेस, की टाके घालून ह्या गठ्ठ्यात देऊ?"