पीएफचे 24 टक्के: मेसेजचा हिशोब कुठे चुकतो आणि पैसे खरे कुठे गळतात

कामगारांच्या, नातेवाइकांच्या, सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पीएफबद्दलचा एक मेसेज थोड्याफार फरकानं सारखा फिरत असतो. त्याचा सारांश असा. पगाराचे 12 टक्के तुम्ही भरता, 12 टक्के कंपनीनं भरायचे, म्हणजे खात्यात दरमहा पगाराच्या 24 टक्के रक्कम दिसलीच पाहिजे. पासबुकात कंपनीचा आकडा तुमच्यापेक्षा कमी असेल तर मधला फरक कंपनीनं खाल्ला. पगार 15,000 च्या वर गेला की पीएफ ऐच्छिक होतो, नको असेल तर बंद करून घ्या. सीटीसीत (कंपनी तुमच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च म्हणून सांगते त्या आकड्यात) कंपनीचा हिस्सा धरणं बेकायदा आहे. आणि नव्या कामगार कायद्यानं आता सगळ्यांच्याच हातात येणारा पगार घटणार. खाली अर्थातच ‘प्रत्येक नोकरदारापर्यंत पोहोचवा’.

पगारपत्रकं करणं हेच माझं काम असल्यामुळे हा मेसेज माझ्याकडे सगळ्या बाजूंनी येतो. तो पूर्ण खोटा असता तर एका वाक्यात निकाल लावता आला असता. अडचण अशी की त्यात अर्धं खरं मिसळलेलं आहे, आणि त्या अर्ध्या खऱ्याच्या जोरावर माणसं जिथं चोरी झालेली नाही तिथं जाऊन भांडतात.

सुरुवात 24 टक्क्यांपासून. 12 टक्के हा दर बरोबर आहे (काही ठरावीक आस्थापनांना, उदाहरणार्थ 20 पेक्षा कमी कामगार असलेल्यांना, 10 टक्के लागतो). प्रश्न आहे 12 टक्के कशाचे? मेसेज म्हणतो पगाराचे, आणि वाचणारा पे-स्लिपवरचा एकूण पगाराचा आकडा धरतो. पीएफचा हिशोब मात्र बेसिक अधिक महागाई भत्ता (डीए) यांवर होतो. त्यात रिटेनिंग अलाउन्सही येतो. साखर कारखान्यातल्या हंगामी कामगारांना गाळप बंद असताना जो मिळतो, तो हा. घरभाडे भत्ता, ओव्हरटाइम, बोनस, कमिशन यांवर पीएफ नाही.

समजा एकूण पगार 40,000 आणि त्यात बेसिक व डीए मिळून 22,000. मेसेजच्या हिशोबानं दरमहा 9,600 जमा व्हायला हवेत. खरा हिशोब 22,000 च्या 12 टक्क्यांनी, म्हणजे तुमचे 2,640 आणि कंपनीचे 2,640, एकूण 5,280. उरलेले 4,320 कोणी खाल्लेले नाहीत, ते देय नव्हतेच.

आता पासबुक. यूएएननं (तुमच्या पीएफच्या कायम क्रमांकानं) लॉगिन करून पाहिलं तर तुमच्या रकान्यात 2,640 आणि कंपनीच्या रकान्यात 1,390 दिसतील. इथं मेसेज विजयी मुद्रेनं बोट ठेवतो. पण तसंच उजवीकडं सरका, पेन्शनचा रकाना आहे, त्यात 1,250 दिसतील. 1,390 अधिक 1,250 म्हणजे 2,640. हिशोब जुळला. 1995 च्या पेन्शन योजनेनुसार कंपनीच्या 12 टक्क्यांतून 8.33 टक्के पेन्शन फंडात जातात, पण जास्तीत जास्त 15,000 रुपये पगारावर. 15,000 चे 8.33 टक्के म्हणजे 1,249.50, पूर्णांकात 1,250. उरलेली रक्कम पीएफमध्ये.

हे थोडंफार माहीत असलेले लोक लगेच ‘मग पीएफमध्ये 3.67 टक्के जातात’ असं सांगतात. तेही 15,000 पर्यंतच खरं. बेसिक 12,000 असेल तर कंपनीच्या 1,440 पैकी 1,000 पेन्शनला आणि 440 पीएफला, हे 3.67 टक्के झाले. वरच्या 22,000 च्या उदाहरणात मात्र 1,390 म्हणजे जवळपास 6.32 टक्के होतात, आणि 40,000 बेसिकवर पूर्ण 12 टक्के भरणारी कंपनी असेल तर 4,800 वजा 1,250, म्हणजे 3,550, जवळपास 8.88 टक्के. 3.67 हा आकडा पाठ करून पासबुक तपासायला बसलात तर बरोबर भरलेलं खातंही चुकीचं वाटेल.

शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याचा पगार तेवढाच आणि त्याच्या पासबुकात पेन्शनच्या रकान्यात शून्य, तर? शक्य आहे. 1 सप्टेंबर 2014 नंतर जो पहिल्यांदा पीएफचा सभासद झाला आणि तेव्हाच ज्याचा पीएफसाठीचा पगार 15,000 च्या वर होता, त्याला पेन्शन योजनेत प्रवेश नाही. त्याच्या कंपनीचे सगळे 12 टक्के पीएफमध्येच जातात. वयाची 58 वर्षं पूर्ण झालेल्यांचंही तसंच. तेव्हा दोघांचे स्क्रीनशॉट शेजारी ठेवून ‘बघा, ह्याला पूर्ण आणि मला अर्धे’ असा निष्कर्ष काढू नका.

एक गोष्ट मेसेज सांगत नाही, जी सांगायला हवी होती. पेन्शनच्या रकान्यातल्या रकमेवर व्याज लागत नाही. 2024-25 साठीचे 8.25 टक्के तुमच्या आणि कंपनीच्या पीएफच्या शिलकीवर मिळतात, पेन्शनवर नाही. तिथून मिळते ती सूत्रानं ठरलेली पेन्शन: शेवटच्या 60 महिन्यांचा सरासरी पगार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले 70. त्यात 15,000 ची मर्यादा आहेच. याबद्दल नाराज असायला भरपूर जागा आहे. पण ती नाराजी योजनेवर काढायची, कंपनीच्या अकाउंटंटवर नव्हे. आणि कंपनी 12 टक्क्यांवर थांबतही नाही. विम्यासाठी अर्धा टक्का (15,000 च्या मर्यादेत, म्हणजे जास्तीत जास्त 75 रुपये) आणि प्रशासकीय खर्चापोटी अर्धा टक्का ती वेगळा भरते. नोकरीत असताना सभासद गेला तर वारसांना त्या विम्यातून 7 लाखांपर्यंत रक्कम मिळते. किती घरांना हे ठाऊक असतं?

तर मग पैसे गळत नाहीत का? गळतात. मेसेज जिथं बोट ठेवतो त्याच्या एक पायरी आधी. 12 टक्के बिनचूक काढलेले असतात, पण ज्या आकड्यावर काढले तोच आकडा मुद्दाम छोटा ठेवलेला असतो.

औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या कंत्राटी कामगाराची स्लिप घ्या. एकूण 15,000. बेसिक 8,000, विशेष भत्ता 5,000, घरभाडे 2,000. पीएफ कापला 8,000 वर, 960. कंपनीचेही 960. टक्केवारीत खोट काढता येणार नाही. पण विशेष भत्ता हा काय प्रकार आहे? तो सगळ्या कामगारांना, दर महिन्याला, काम जास्त होवो की कमी, सरसकट मिळतो. 28 फेब्रुवारी 2019 रोजी सर्वोच्च न्यायालयानं विवेकानंद विद्यामंदिर प्रकरणात नेमकं यावरच बोट ठेवलं. जो भत्ता सर्वांना सरसकट मिळतो, जो जादा कामाशी किंवा उत्पादनाशी जोडलेला नाही, तो बेसिकचाच भाग, त्यावर पीएफ भरावा लागेल. महाराष्ट्रात तर आणखी एक गंमत आहे. किमान वेतनाच्या अधिसूचनेत जो ‘विशेष भत्ता’ असतो, महागाई निर्देशांकाप्रमाणे दर सहा महिन्यांनी बदलणारा, तो नावानं विशेष असला तरी महागाई भत्ताच आहे. तो वगळून पीएफ काढण्याला कसलाही आधार नाही.

म्हणजे वरच्या कामगाराचा पीएफ 13,000 वर, 1,560 हवा. दोन्ही बाजूंचा फरक 600 अधिक 600, महिन्याला 1,200, वर्षाला 14,400, व्याज वेगळं. पेन्शनवर होणारा परिणाम तर आयुष्यभर पुरणारा. दीर्घ सेवेसाठी योजना जादा मोजते ती 2 वर्षं धरून 30 वर्षांची सेवा भरली तर 8,000 वर पेन्शन सुमारे 3,429 बसते, 13,000 वर सुमारे 5,571. मेसेज लिहिणाऱ्यानं चोर शोधायचाच होता तर इथं शोधायचा.

हे तपासायला मोठी अक्कल लागत नाही. पासबुकात प्रत्येक महिन्यासमोर किती वेजेसवर पीएफ भरला तो आकडा असतो. तो पे-स्लिपवरच्या बेसिक, डीए आणि सरसकट भत्त्यांच्या बेरजेशी ताडून पाहा. एखाद्याच महिन्यात तो कमी असेल तर आधी बिनपगारी रजा आठवा, 12,000 बेसिकवर 30 दिवसांच्या महिन्यात 5 दिवस रजा पडली तर पीएफ 10,000 वरच निघणार. दर महिन्याला कमी असेल तर टाइम ऑफिसला लेखी विचारा, आणि उत्तर नाही मिळालं तर स्लिपा जोडून पीएफ कार्यालयाच्या तक्रार पोर्टलवर जा. बेसिक आणि डीए आधीच 15,000 किंवा त्याहून जास्त असेल, तर मात्र या निकालानं कंपनीची सक्तीची देणी वाढत नाहीत.

आता पगार 15,000 च्या वर गेला की पीएफ ऐच्छिक होतो, हा दावा. ही मर्यादा 1 सप्टेंबर 2014 पासूनची, त्याआधी 6,500 होती. पगार त्यावर गेला म्हणून सभासदत्व सुटत नाही. एकदा सभासद झालात की पुढच्या नोकरीत पगार कितीही असो, पीएफ चालूच राहतो. बाहेर राहण्याची मुभा मुख्यतः पहिल्यांदाच नोकरीला लागणाऱ्या आणि सुरुवातीपासूनच 15,000 च्या वर पगार असणाऱ्याला. मर्यादेचा उपयोग वेगळा आहे: कंपनी आपला हिस्सा 15,000 वर थांबवू शकते, म्हणजे 1,800 रुपये. बेसिक 50,000 असताना 1,800 भरणारी कंपनी कंजूष असेल, पण बेकायदा नाही. मराठवाडा ग्रामीण बँकेच्या कर्मचारी संघटनेनं हीच लढाई सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेली होती. बँक कायद्यापेक्षा जास्त भरत होती, तोट्यामुळे तिनं जादा रक्कम थांबवली. 2011 मध्ये निकाल बँकेच्या बाजूनं लागला. तुम्ही स्वतःहून 12 टक्क्यांपेक्षा जास्त भरू शकता, पण कंपनीनं तेवढे घालावेत असं बंधन नाही, आणि वर्षाला तुमचा हिस्सा अडीच लाखांच्या वर गेला तर वरच्या भागाचं व्याज करपात्र होतं.

सीटीसीच्या मुद्द्यात मेसेज निम्मा बरोबर आहे. पीएफ योजनेचा परिच्छेद 31 स्पष्ट म्हणतो की कंपनीला आपला हिस्सा कामगाराच्या पगारातून कापता येणार नाही, तसा करार केलेला असला तरीही. पण नोकरी देताना ‘आम्हाला तुमच्यावर वर्षाला एवढा खर्च येईल’ असं सांगून त्यात कंपनीचा हिस्सा मोजणं आणि ठरलेल्या पगारातून तो हिस्सा कापणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली राजरोस चालते. दुसरी पकडायची तर स्लिपच्या कपातीच्या बाजूला पीएफ दोनदा लिहिलाय का ते पाहा. किमान वेतनावरच्या कामगारांबाबत काही कंत्राटदार सर्रास हे करतात, दोन्ही हिस्से कामगाराच्याच 12-13 हजारांतून. किमान वेतनाच्या रकमेत कंपनीचा पीएफ मोजताच येत नाही, त्यामुळे इथं दोन कायदे एकाच वेळी मोडतात. ऑफर लेटर वाचून संतापणाऱ्या आयटीवाल्यांनी हा मेसेज पुढं पाठवला, ज्यांच्या तो कामाचा होता त्यांच्यापर्यंत बहुधा पोहोचलाच नाही.

राहिला नवा कायदा. 21 नोव्हेंबर 2025 पासून चारही कामगार संहिता लागू झाल्या. घरभाडे, प्रवासभत्ता, ओव्हरटाइम वगैरे वगळलेल्या रकमा एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाल्या तर वरचा भाग वेतनात धरायचा, अशी व्याख्या त्यात आहे. ज्याचा पीएफ आधीच 15,000 वर, म्हणजे 1,800 कापला जातो, त्याचं वेतन या व्याख्येनं कागदावर वाढलं तरी कपात 1,800 च राहते, तो स्वतःहून जास्तीवर भरत नसेल तर. कपात वाढेल ती वरच्या कंत्राटी कामगारासारख्यांची. विशेष भत्ता वगळायच्या यादीत मुळात नाहीच, त्यामुळे त्याचे 960 चे 1,560 व्हायला हवेत. हातात 600 कमी येतील हे खरं, आणि त्या पगारात 600 थोडे नसतात हेही खरं. पण त्याच महिन्यात कंपनीचेही 600 जास्त जमा होतील, आणि ते त्याला 2019 पासूनच मिळायला हवे होते.