ते हिरवे खडे पित्ताशयातले नाहीत

दर काही महिन्यांनी फॅमिली ग्रुपवर हा मेसेज फिरून येतोच: पाच दिवस सफरचंदाचा रस प्या, सहाव्या दिवशी एप्सम सॉल्टचं पाणी घ्या, रात्री ऑलिव्ह तेलात लिंबू पिळून प्या नि उजव्या कुशीवर झोपा. सकाळी पित्ताचे खडे पडतील आणि लिव्हरमध्ये साठलेलं विष निघून जाईल. सोबत चाळणीत धुतलेल्या हिरव्या खड्यांचा फोटो. फोटो खोटा नसतो, आणि म्हणूनच लोक फसतात.

‘खडे पडले ना!’ पडले, पण कशाचे? २००५ साली न्यूझीलंडच्या डॉक्टरांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात चाळीस वर्षांच्या एका बाईंची हकीकत दिली. त्यांनी अशाच उपायानंतर पडलेले मऊ हिरवे खडे आणून दाखवले होते. ४० अंशांवर दहा मिनिटं ठेवताच त्यांचं हिरवं तेल झालं. खरे पित्तखडे ज्यांचे बनतात त्यातलं तपासणीत काहीच सापडलं नाही: कोलेस्टेरॉल नाही, बिलिरुबिन (पित्तातलं रंगद्रव्य) नाही, कॅल्शियमही नाही. सुमारे ७५ टक्के नुसती स्निग्धाम्लं. प्यायलेलं तेल पाचकरसांनी फुटलं, त्याला लिंबातलं पोटॅशियम मिळालं आणि पोटात साबण झाला. बाईंचे खरे खडे शेवटी दुर्बिणीच्या ऑपरेशननेच निघाले.

शिवाय माप बघा. पित्ताची मुख्य नळी साधारण सहा मिलिमीटर रुंद. तिच्यातून गोटीएवढे खडे रात्रीत डझनांनी उतरले आणि माणूस घोरत होता?

‘लिव्हरमध्ये विष साठतं.’ इथे मुळातच घोळ आहे. लिव्हर म्हणजे अधूनमधून धुवायची गाळणी नव्हे. त्याला मिळणाऱ्या रक्तापैकी सुमारे तीन चतुर्थांश रक्त आतड्यांकडून येतं, आणि त्यातल्या पदार्थांचं रूपच तिथल्या पेशी बदलतात. अमोनियाचा युरिया होतो, तो मूत्रपिंडं बाहेर टाकतात. पॅरासिटामॉलचं बघा: गोळीचा बहुतेक भाग निरुपद्रवी होऊन लघवीतून जातो, थोड्या भागाचं घातक रसायन बनतं आणि लिव्हरच्या पेशींमधला ग्लुटाथिओन नावाचा पदार्थ त्याला लगेच निष्प्रभ करतो. मूठभर गोळ्या खाल्ल्या की ग्लुटाथिओनचा साठा संपतो आणि पेशी मरू लागतात. म्हणून हॉस्पिटलात तो साठा भरून काढणारं अ‍ॅसिटिलसिस्टीन देतात. तेल-लिंबू नाही.

साठते ती चरबी, फॅटी लिव्हरमध्ये. पण ती पेशींच्या आत असते, जुलाबाने कशी निघेल? वजन हळूहळू उतरवलं आणि दारू सोडली की कमी होते. अर्थात असा मेसेज कोण फॉरवर्ड करणार!

‘दुसऱ्या दिवशी हलकं वाटतं.’ वाटणारच. एप्सम सॉल्ट हे रेचक आहे, पोट रिकामं झालेलं असतं.

‘घरगुती आहे, अपाय कसला?’ एवढं तेल एकदम पोटात गेलं की पित्ताशय जोरात आकुंचन पावतं. आत खरा खडा असेल तर तो नळीत अडकू शकतो, मग कावीळ किंवा स्वादुपिंडाचा दाह. मूत्रपिंडं कमजोर असतील तर एप्सम सॉल्टमधलं मॅग्नेशियम रक्तात वाढतं, ते वेगळंच. आणि वनस्पतीचं म्हणून निर्धास्त राहायचं तर कोविडच्या काळातली गुळवेल आठवा. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी ती घेणाऱ्या सहा रुग्णांच्या लिव्हरला इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने ती फेटाळली, तो वाद अजून मिटलेला नाही.

उजव्या बरगडीखाली दुखत असेल तर आधी सोनोग्राफी करून घ्या. सोबत ताप असेल किंवा डोळे पिवळे दिसत असतील, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.