आमच्या सोलरच्या दुकानाला १ स्टार देणाऱ्या भाऊंना उत्तर

नमस्कार भाऊ, तुमचा रिव्ह्यू वाचला. तुमाले मनस्ताप झाला त्याबद्दल माफी मागतो. आमचं दुकान दारव्ह्यासारख्या तालुक्याच्या गावात, इथं धंदा नावावर चालते, जाहिरातीवर नाही. म्हणूनच "१ लाख १७ हजार सांगतले आन २ लाख २३ हजार उकळले" हे वाक्य लय जिव्हारी लागलं. तुम्ही ते सगळ्यायसमोर लिहिलं, तर हिशोबही सगळ्यायसमोरच होऊ द्या, राग मानू नका.

कोटेशन होतं छतावरच्या ३ किलोवॅट सोलरचं, १ लाख ९५ हजार. त्याच्याखाली केंद्र सरकारच्या पीएम सूर्यघर योजनेची सबसिडी ७८ हजार वजा करून १ लाख १७ हजार लिहिले होते. तुम्ही खालचाच आकडा ध्यानात ठेवला. भाऊ, सबसिडी आमच्या दुकानात येतच नाही, ती गिऱ्हाइकाच्या बँक खात्यात थेट जमा होते आन तेही सिस्टीम चालू होऊन, नेट मीटर (घेतलेली आन परत दिलेली लाइट मोजणारं मीटर) लागून, तपासणी झाल्यावर. तोवर पूर्ण रक्कम आधी भरावी लागते, घरची भरा नाहीतर बँकेचं कर्ज काढा. आमाले नागपूरहून माल उचलताना रोख मोजावे लागतात, तिथला डीलर तुमची सबसिडी येईपर्यंत थांबत नाही ना बाप्पा. सबसिडीच्या मंजुरीले वेळ लागला तो लाइट बिल तुमच्या बाबांच्या नावावर होतं म्हणून, नाव बदलून आणा हे पहिल्याच दिवशी सांगतलं होतं. आन ते ७८ हजार जमा झाले, बँकेचा मेसेज तुम्हीच मले पाठवला होता, खाली हात जोडलेलं चित्र टाकून. रिव्ह्यूमधी मात्र त्याचा एक शब्द नाही.

आता १ लाख ९५ च्या वरचे २८ हजार, ज्याले तुम्ही "लपवलेला खर्च" म्हणता. आमचं पॅनल बसवायचं साधं स्ट्रक्चर स्लॅबपासून कमी उंचीचं असते, १ लाख ९५ मधी तेच धरलं होतं. फिटर माप घ्यायले आला तेव्हा तुमच्या घरच्या काकू वर आल्या, म्हणे उन्हाळ्यात माझ्या मिरच्या, कुरडया, पापड कुठं वाळू घालू? त्यायनं डोक्यावर टोपलं धरल्यासारखे हात वर केले आन म्हणाल्या, एवढी जागा खालून जायले पाहिजे. फिटरनं तिथंच टेप लावला. मग पुढचे पाय सात फुटांचे झाले, जीआय पाइप वाढला, खाली काँक्रीटचे ठोकळे वाढले, कारण आपल्याकडं मे महिन्यात वादळ सुटते तेव्हा उंच पॅनल पतंगासारखं ओढलं जाते, तिथं पैसे वाचवले तर पॅनल शेजाऱ्याच्या कवेलूवर जाऊन पडन. हा रेट मी तुमाले फोनवर सांगतला, तुम्ही "हो करून टाका" म्हणले, मग काम केलं. म्हणजे २ लाख २३ मधून ७८ गेले, तुमच्या खिशातून गेले १ लाख ४५ हजार. पक्कं जीएसटी बिल तुमच्याजवळ आहे, काढून पाहा. काकूंच्या मिरच्या आता सावलीत नाही, पॅनलच्या पुढच्या उन्हात मजेत वाळतात, ते मी स्वतः पाह्यलं.

"बाजूच्या गावात १ लाख ४० मधी लावलं" हेही लिहिलं तुम्ही. लावलं असन. पण सबसिडी पाहिजे तर पॅनल आन त्यातले सेलही भारतात बनलेले लागतात, डीसीआर म्हणतात त्याले, ते महाग पडतात. दुसरे पॅनल स्वस्त येतात पण त्यावर सबसिडी शून्य. त्या माणसाले एकदा विचारा पानठेल्यावर, त्याच्या खात्यात किती आले.

आन खरं सांगू का, मुळातला खर्चच मोठा झाला तो किलोवॅटमुळं. तुमचं बिल पाहून मी २ किलोवॅट सांगतला होता. कुलरचे दोन-तीन महिने सोडले तर तुमच्या घरी महिन्याले १५०-१६० युनिटच्या वर लाइट जळत नाही, आन १ किलोवॅट दिवसाले सरासरी ४ युनिट बनवते, म्हणजे २ मधीच महिन्याचे २४० होतात. सबसिडी पहिल्या दोन किलोवॅटले ३०-३० हजार, तिसऱ्याले १८ हजारच, त्याच्या पुढं काहीच नाही. पण ७८ चा आकडा ऐकून तुम्ही ३ वर अडून बसले, म्हणे पुढं एसी घेतो. एसी अजून आला नाही. जास्तीचे युनिट बिलात पुढं जमा होत राहतात खरे, पण मार्चअखेर उरलेल्याचा भाव लय कमी भेटते.

बिल एकदम शून्य येईल असं आम्ही कोणालेच सांगत नाही. स्थिर आकार आन त्यावरचा कर कोणालेही भरावाच लागते, तुमचं दीडशेच्या आसपासचं बिल म्हणजे तेच. लाइन गेली की सोलरही बंद होते, ही खराबी नाही, खांबावर काम करणाऱ्या लाइनमनले करंट लागू नये म्हणून ऑनग्रिड, म्हणजे सरकारी लाइनीले जोडलेला, इन्व्हर्टर बनवलाच तसा असते. लाइन नसताना चालवायचं तर बॅटरी लागते, तिच्यावर सबसिडी नाही, हेही बोलणं झालं होतं आपलं. ४५ डिग्रीत डबल लाइट बनन असं बरेच लोक समजतात, उलट पॅनल तापलं की उत्पादन घटते.

यापुढं सबसिडीच्या आधीचा आकडा कोटेशनवर मोठ्या अक्षरात टाकू, फोनवर ठरलं ते व्हॉट्सॲपवर लिहून घेऊ, बाकीही जमेल तशा सुधारणा करू. पाच वर्षांची देखभाल आमच्याकडंच आहे, ती एक स्टार दिला म्हणून बंद होणार नाही. पोराले पॅनल धुवायले पाठवतो, जिनिंगच्या रस्त्याची धूळ लय बसली आहे त्यावर. तो सकाळी सातच्या आत येईन, कारण तापलेल्या काचेवर थंडं पाणी टाकता येत नाही, तेव्हा वरच्या टाकीत पाणी भरून ठेवा. आन स्टारचं काही करता आलं तर पाहा भाऊ.