‘पेरेझ म्हणजे ज्यू’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

माझ्या मावसबहिणीच्या मुलीचं लग्न ठरलंय. मुलगा मेक्सिकोचा, आडनाव पेरेझ. साखरपुड्याचे फोटो घरच्या ग्रुपवर पडले त्याच रात्री एका काकांनी एक लांबलचक मेसेज पुढे ढकलला. स्पॅनिशमध्ये तो कितीतरी वर्षं फिरतोय, आता कुणीतरी त्याचं मराठी केलंय. त्यात थोडक्यात असं म्हटलंय: पेरेझ हे आडनाव हिब्रू ‘पेरेत्झ’वरून आलं. शेवटचं ‘एझ’ म्हणजे ‘एरेत्झ झायन’, झायनची (ज्यूंची पवित्र) भूमी. बाटवलेल्या ज्यूंनी आडनावात लपवलेली ती खूण. इस्रायलचे शिमोन पेरेस हा त्याचा पुरावा. स्पेन सरकारने ५,२२० ज्यू आडनावांची यादी काढलीय, तीत नाव असलं की स्पेनचं नागरिकत्व मिळतं. आणि म्हणून जगातले सगळे पेरेझ हे स्पेनमधून हाकललेल्या ज्यूंचे वंशज.

दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत मावशी सगळ्यांना ‘जावई ज्यू आहेत’ असं सांगून मोकळी झाली होती. जावई ज्यू असते तर आनंदच होता. पण ते नाहीत, आणि ते कोण आहेत हे त्या मेसेजाखाली पार दडपलं गेलं, याचं मला वाईट वाटलं. मी स्पॅनिश शिकवते, हा मेसेज विद्यार्थ्यांकडूनही माझ्याकडे अनेकदा आलाय. म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

आधी ‘पेरेत्झ’. हे हिब्रू नाव खरं आहे. बायबलातल्या उत्पत्तीच्या अडतिसाव्या अध्यायात तामारेला जुळे होतात. एकाचा हात आधी बाहेर येतो, सुईण त्याला लाल धागा बांधते, पण तो हात आत घेतो आणि दुसराच आधी जन्मतो. ‘वाट फोडून आला’ म्हणून त्याचं नाव पेरेत्झ. मराठी बायबलात हेच नाव ‘पेरेस’ असं छापतात, त्यामुळे आपल्याकडे घोटाळा आणखी वाढतो. हे आडनाव लावणारे ज्यू आहेतच. पोलंडमधल्या यिडिश (पूर्व युरोपातल्या ज्यूंची भाषा) बोलणाऱ्या घरांतही ते होतं.

स्पॅनिश पेरेझचं मूळ मात्र पेद्रो. लॅटिन पेत्रुस, म्हणजे खडक. येशूचा शिष्य संत पेत्र. मध्ययुगीन कास्तील्यात (स्पेनचा मधला भाग) पेद्रोला रोजच्या बोलण्यात ‘पेरो’ म्हणत, विशेषतः पुढे वडिलांचं नाव किंवा आडनाव जोडायचं असलं की. पेरोचा मुलगा तो पेरेझ. जुन्या कागदांत ‘पेत्रिझ’, ‘पेरिझ’ अशी याचीच रूपं दिसतात. पोर्तुगीजांनी त्याचं पेरेस आणि पिरेस केलं, व्हॅलेन्सियाकडे पेरिस झालं. गोव्यातले पिरेस या अर्थाने पेरेझचे नामबंधू आहेत. (वसईतले परेरा नव्हेत, परेरा म्हणजे नाशपातीचं झाड.) एकाच नावाची ही भावंडं शेजारशेजारच्या भाषांत दिसतात आणि सगळ्यांच्या मुळाशी पेद्रो सापडतो. पेरेत्झ आणि पेरेझ यांचा उच्चार जुळतो, बस.

आता ‘एझ’. या मुद्द्यावर मला जास्त थांबायचंय, कारण मेसेजमधलं सगळ्यात आकर्षक वाक्य हेच आहे आणि ते समूळ चुकीचं आहे.

दहाव्या शतकातल्या कास्तील्याचे सरदार घ्या. गोन्सालो फर्नांडेझ. त्याचा मुलगा फर्नान गोन्सालेझ, कास्तील्याचा नावाजलेला काउंट, ९७० साली वारला. त्याचा मुलगा गार्सिया फर्नांडेझ. त्याचा मुलगा सांचो गार्सिया. त्याचा मुलगा गार्सिया सांचेझ. पाच पिढ्या सलग बाप-लेक, आणि बापाच्या नावामागचं नाव लेकाला एकदाही लागलेलं नाही. कारण ते आडनाव नव्हतंच, वडिलांचं नाव होतं. फर्नानचा तो फर्नांडेझ, गोन्सालोचा तो गोन्सालेझ. आपण शाळेच्या दाखल्यावर मधलं नाव लावतो ना, तसंच; ते मुलाबरोबर बदलतं. एल सिद म्हणून प्रसिद्ध असलेला योद्धा रॉड्रिगो दियाझ हा दिएगो लाइनेझचा मुलगा आणि दिएगो हा लाइन नुन्येझचा. पुढच्या शतकांत हळूहळू हे मधलं नाव गोठलं आणि घराण्याचं आडनाव होऊन बसलं. ‘एझ’ हा प्रत्यय मुळात कुठून आला यावर भाषाशास्त्रज्ञ अजून वाद घालतात, पण त्याचं काम काय होतं यावर वाद नाही.

ज्यूंची हकालपट्टी झाली १४९२ साली. ग्रनादात ३१ मार्चला फर्मान निघालं. म्हणजे ‘एझ’ त्याच्या पाचशे वर्षं आधी राजदरबारच्या कागदांवर उघड वापरात होतं. शिवाय तो लागतो कुठल्या नावांना? फर्नांडो, रॉड्रिगो, गोन्सालो ही व्हिसिगॉथ लोकांची जर्मानिक वळणाची नावं. आजच्या स्पेनमधल्या पहिल्या दहा आडनावांत गार्सिया आणि मार्टिन सोडले तर रॉड्रिगेझ, गोन्सालेझ, फर्नांडेझ, लोपेझ, मार्टिनेझ, सांचेझ, पेरेझ, गोमेझ असे आठ ‘एझ’वाले आहेत. ही जर गुप्त खूण असती तर तिच्याइतकी उघडी खूण दुसरी नसती.

आणि खुणेची गोष्ट निघालीच आहे तर इतिहासच साक्ष देतो. १४४९ मध्ये टोलेडो शहरात ज्यू वंशाच्या ख्रिश्चनांना पदांवरून दूर ठेवणारा नियम झाला. ‘रक्तशुद्धी’चे नियम स्पेनमध्ये तिथून पसरले. पुढच्या काळात पद, विद्यापीठ, धर्मसंघ, कुठेही प्रवेश हवा तर आजी-आजोबांच्या गावी माणसं जात, म्हाताऱ्यांच्या साक्षी घेत, कागद तपासत. एवढा खटाटोप का करावा लागला? कारण आडनावावरून काही कळत नव्हतं. बाप्तिस्मा घेतलेल्या ज्यूंनी आजूबाजूला सर्वांत जास्त चालणारी नावं घेतली, कधी धर्मपित्याचं आडनाव घेतलं, आणि गर्दीत मिसळून गेले. त्यांच्यात पेरेझही होते, यात शंका नाही. पण शेजारचा सात पिढ्यांचा ख्रिस्ती शेतकरीही पेरेझच होता. बाकी, टोलेडोचा तो नियम ज्याच्या पुढाकाराने झाला त्याचं नाव होतं पेरो सार्मिएंतो. दोन-तीनशे वर्षं आधी जन्मला असता तर त्याच्या मुलांना पेरेझच म्हटलं असतं.

हकालपट्टीआधी स्पेनच्या ज्यूंची नावं पाहिली तर अब्राव्हानेल, बेनवेनिस्ते, अबुलाफिया, कोहेन, लेव्ही अशी दिसतात. लपवण्याची गरज नव्हती तेव्हाची ती नावं.

शिमोन पेरेस यांचं उत्तर दोन ओळींत संपतं. त्यांचा जन्म १९२३ साली आजच्या बेलारूसमधल्या एका गावात झाला आणि जन्मनाव होतं पेर्स्की. पॅलेस्टाइनमध्ये आल्यावर नेगेव्ह वाळवंटात एका मोहिमेत त्यांनी गिधाडाच्या जातीचा एक पक्षी पाहिला, हिब्रूत त्याला ‘पेरेस’ म्हणतात, तेच नाव त्यांनी घेतलं. ना स्पेन, ना पेद्रो, ना तामारेचा मुलगा. हिब्रूत पेरेस आणि पेरेत्झ यांचं शेवटचं अक्षरसुद्धा वेगळं.

यादीबद्दल मात्र नीट सांगायला हवं, कारण तिच्यापायी लोकांचे पैसे जातात. स्पेनने २०१५ मध्ये सेफार्दी, म्हणजे मूळच्या स्पेन-पोर्तुगालच्या, ज्यूंच्या वंशजांना नागरिकत्व देणारा कायदा खरोखरच केला. त्याची चर्चा सुरू झाली तेव्हापासूनच आडनावांची यादी फिरायला लागली. सरकारने अशी कुठलीही यादी काढलेली नव्हती. अर्ज करणाऱ्याला सेफार्दी मूळ सिद्ध करावं लागे: ज्यू समाजसंस्थेचा दाखला, जुना विवाहकरार, घराण्याची लादिनो भाषा (सेफार्दी ज्यूंची जुन्या वळणाची स्पॅनिश), अशा गोष्टींवरून. आडनावाविषयी तज्ज्ञ संस्थेचा अहवाल हाही त्यातला एक पुरावा होता, हे मान्य. पण अहवाल वेगळा आणि यादीत नाव सापडणं वेगळं. वर स्पॅनिश भाषेची आणि स्पेनच्या राज्यघटनेची व संस्कृतीची परीक्षा. एक लाख तीस हजारांहून जास्त लोकांनी अर्ज केले. अर्जाची मुदत १ ऑक्टोबर २०१९ ला संपली. आमच्या ग्रुपवरच्या मेसेजाखाली लिंक आहे आणि ती उघडल्यावर पासपोर्टचा फोटो आणि ‘नोंदणी शुल्क’ मागतात. कृपा करून कुणीही देऊ नका.

मेसेजची बाजू घेऊन कुणी विचारेल, डीएनएचं काय? २००८ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात स्पेन-पोर्तुगालमधल्या पुरुषवंशांपैकी जवळजवळ २० टक्के सेफार्दी ज्यूंच्या जवळचे निघाले. त्या आकड्यावर पुढे आक्षेप घेतले गेले, पण ज्यू पूर्वज असलेले स्पॅनिश लोक पुष्कळ आहेत हे कुणी नाकारत नाही. फक्त ते सगळ्या आडनावांत विखुरलेत. एखाद्या गार्सियाच्या घरात ते निघतील आणि एखाद्या पेरेझच्या घरात निघणार नाहीत.

हे आपल्याला कळायला खरं तर अवघड जाऊ नये. मुंबईतलं सर्वांत जुनं सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) मांडवीत १७९६ साली बांधलं ते सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी. दिवेकर! कोकणातल्या बेने इस्रायलांची, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यूंची, आडनावं पेणकर, रोहेकर, किहीमकर, चेऊलकर अशी गावांवरून आलेली. दिवेकर हिंदूही आहेत आणि ज्यूही. गावाचं नाव दोघांना सारखंच लागलं. आणि ज्या गार्सिया दा ओर्ताला पोर्तुगीजांनी मुंबई बेट भाडेपट्ट्याने दिलं होतं, तो गोव्याचा वैद्य स्पेनमधून हाकललेल्या ज्यू आईबापांचा मुलगा. गार्सिया हे स्पेनमधलं सर्वांत सामान्य आडनाव, ओर्ता म्हणजे मळा. त्या नावात ज्यू असं काहीही नव्हतं. तरी तो वारल्यावर त्याच्या बहिणीला गोव्यात १५६९ मध्ये इन्क्विझिशनने (चर्चच्या धर्मन्यायालयाने) जाळलं आणि १५८० मध्ये त्याची हाडं उकरून तीही जाळली. लोकांना त्याच्याबद्दल कळलं ते नातेवाइकांच्या जबान्यांतून.

आता शेवटचा दावा, की जगातले सगळे पेरेझ एका वंशाचे. माझं मन दुखलं ते इथे.

स्पेनमध्ये आज पहिलं आडनाव पेरेझ असणारे पावणेआठ लाखांच्या आसपास आहेत. अमेरिकेच्या २०१० च्या जनगणनेत ६ लाख ८० हजारांहून जास्त पेरेझ मोजले गेले. मेक्सिकोत ते पहिल्या दहा आडनावांत आहे, क्यूबात तर अगदी वरच्या दोन-तीनांत. फिलिपिन्समध्येही पेरेझ आहेत. तिथे १८४९ मध्ये गव्हर्नर क्लाव्हेरियाने आडनावांची छापील सूचीच काढली आणि गावोगावी वाटून दिली. म्हणजे कितीतरी फिलिपिनो घरांना आडनाव मिळालं ते कागदावरून.

आमचा होणारा जावई चियापासचा. मेक्सिकोच्या दक्षिण टोकाचा डोंगराळ भाग, तिथे माया वंशाचे त्सोत्सिल लोक राहतात. त्सोत्सिल बोलणारे आज पाच लाखांहून जास्त आहेत. १५४५ मध्ये बार्तोलोमे दे लास कासास हा डोमिनिकन संघाचा बिशप तिथे आला, त्याच्या संघाच्या पाद्र्यांनी गावंच्या गावं बाप्तिस्म्याला उभी केली. बाप्तिस्म्याबरोबर नाव आलं आणि पुढे आडनावही. त्यामुळे त्या डोंगरातल्या गावांत आजही मोजकीच स्पॅनिश आडनावं सापडतात: पेरेझ, गोमेझ, लोपेझ, हर्नांडेझ, दियाझ. एका गावात इतके पेरेझ झाल्यावर माणूस ओळखायचा कसा? सिनाकांतान गावच्या लोकांनी स्पॅनिश आडनावामागे आपलं जुनं त्सोत्सिल कुळनाव लावणं चालू ठेवलं. पहिलं रजिस्टरसाठी, दुसरं आपल्या माणसांसाठी.

मुलाची आजी मला व्हिडिओ कॉलवर भेटली. काळ्या लोकरीचा जाड घागरा, कमरेला लाल पट्टा, मागे चुलीचा धूर. नातू मध्ये बसून त्सोत्सिलचं स्पॅनिश करत होता, मी स्पॅनिशचं मराठी. मावशीने मेसेज मनात धरूनच विचारलं, ‘तुम्ही मूळच्या कुठल्या?’ प्रश्न तिकडे पोचायला दोन भाषा ओलांडाव्या लागल्या. आजींनी हात वर करून खिडकीबाहेरचा डोंगर दाखवला. मग आपलं नाव सांगितलं: पेरेस, आणि त्याच्यामागे एक छोटंसं कुळनाव, ज्याच्यातला घशात अडवून सोडायचा आवाज मला तीनदा ऐकूनही काढता आला नाही. त्या हसल्या आणि चौथ्यांदा सावकाश म्हणून दाखवलं.

ज्या बाईच्या पणजोबांनी हे कुळनाव जपलं, तिच्याविषयी तिच्या नातवाच्या सासरी ‘हे लोक मूळचे स्पेनचे’ असं पसरावं, हे मला सहन होत नाही. त्या घरात पेरेझ हे नाव पाद्र्याच्या वहीतून आलं. रक्त डोंगरातलं आहे.

काल पत्रिकेचा मजकूर छापायला द्यायचा होता. पेरेझ लिहायचं की पेरेस, यावर बहीण अडली. मावशी म्हणाली, पेरेस लिहिलं तर बायबलातलं वाटेल. शेवटी मुलालाच फोन लावला. तो म्हणाला, आजी म्हणते तसं लिहा, आणि मागचं कुळनावही घाला. त्याने ते आवाजी मेसेज करून पाठवलंय. आज संध्याकाळी बहीण आणि मी ते देवनागरीत कसं बसतं ते बघणार आहोत.