लकव्यानंतर आखडलेला हात आणि सुया

लकव्यानंतर मूठ वळते, कोपर दुमडतं. मग प्रश्न येतो: अ‍ॅक्युपंक्चर करावं का? माझं मत: करावं, पण आधी कोपर तपासून.

कोपर झटकन सरळ करून पाहा, मग अगदी सावकाश. झटक्याला अडतंय आणि सावकाश सुटतंय, तर तो मेंदूचा लगाम सुटल्यामुळे आलेला ताठरपणा. सुयांनी सैल झालाच तर हाच. सावकाश ओढूनही सुटत नसेल तर स्नायू आणि कंडराच (स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोऱ्या) आखूड झाल्यात. तिथे सुई निरुपयोगी, पैसे वाया.

रुग्ण उताणा, हाताखाली उशी. बसवून सुया लावल्या तर चक्कर येऊ शकते. सुई पाव मिलिमीटर जाडीची, एकदाच वापरायची. नेहमीच्या जागा म्हणजे कोपराच्या घडीचं बाहेरचं टोक, मनगटाच्या मागे वर दोन हाडांच्या मधे, अंगठा आणि तर्जनीमधला मांसल भाग. वीस ते तीस मिनिटं. वीजप्रवाह जोडायचा तर हात उघडणाऱ्या, म्हणजे मागच्या बाजूच्या स्नायूंवर. बोटं उघडायच्या ऐवजी मिटायला लागली, तर क्लिप चुकीच्या जागी आहे, लगेच बंद. पेसमेकर असेल तर वीज नकोच.

सुया काढल्यावर हात थोडा वेळ सैल राहतो. खरी कमाई त्या वेळात: ताणाचे व्यायाम, पेला धरणं, बटण लावणं. बहुतेक ठिकाणी नेमकं हेच होत नाही. सुया काढल्या की रुग्ण थेट रिक्षात!

लकव्याच्या बाजूला अनेकदा संवेदना कमी असते, म्हणून शेकायच्या दिव्याने भाजलेलंही कळत नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगा, सुई काढल्यावर कापूस जास्त वेळ दाबा. खांद्यावर खोल सुई गेली तर फुफ्फुसाला भोक पडू शकतं. महाराष्ट्रात अ‍ॅक्युपंक्चरची स्वतंत्र परिषद आहे, तेव्हा नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नका.

पुरावा? चाचण्या बऱ्याच, बहुतेक चीनमधल्या, अनेक लहान, आणि टोचणाऱ्याला खरी सुई कोणती आणि तुलनेसाठीची खोटी कोणती हे कळतेच, म्हणून निकालावर पूर्ण भरवसा नाही. एक-दोनच स्नायू त्रास देत असतील तर बोटॉक्सचा, म्हणजे स्नायू सैल करणाऱ्या इंजेक्शनचा, पुरावा जास्त भक्कम, फक्त असर साधारण तीन महिनेच टिकतो. बॅक्लोफेन (ताठरपणा कमी करणारं औषध) चालू असेल तर ‘सुयांनी बरं वाटतंय’ म्हणून अचानक बंद करू नका. फिट येऊ शकते.

आणि सैल झालेला हात एकदम पुन्हा कडक झाला तर सुया वाढवू नका. आधी लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठता, पाठीवरची जखम, बोटात रुतलेलं नख शोधा; अशा त्रासानेही ताठरपणा वाढतो.