नऊ पोती उपकार

भाचीच्या लग्नाला देवासला दोन रात्री राहिलो, तेवढ्यात कोणीतरी माझं जंगल झाडून ठेवलं.

झाडून म्हणजे अगदी खराट्याने. फाटक उघडलं तेव्हा आधी वाटलं, चुकून दुसऱ्याच घरात शिरलोय. कारण जमीन दिसत होती. आमच्या बाजूच्या अंगणातली जमीन मी तीन वर्षांत पाहिली नव्हती, आणि ती दिसू दिली नाही हेच तर माझं कर्तृत्व होतं. आता काळी माती न्हाव्याकडून आल्यासारखी तुळतुळीत, तिच्यावर खराट्याच्या समांतर रेघा, आणि सासऱ्यांनी लावलेल्या आंब्याच्या बुंध्याला गेरू-चुन्याचे पट्टे. महूच्या छावणीतल्या झाडांना असतात तसे. आंबा सलाम ठोकेल की काय असं वाटत होतं.

"छान दिसतंय की," नवरा म्हणाला. त्याच्याशी मी संध्याकाळपर्यंत बोलले नाही.

खुलासा कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर होता. रविवारी सकाळी श्रमदान झालं होतं. दोन फोटो होते, 'आधी' आणि 'नंतर'. 'आधी'चा फोटो असा काढला होता की पोलिसांनी बघितला असता तर पंचनामाच केला असता. खाली टाळ्या वाजवणारे एकोणीस हात. आणि हे सगळं करवून घेणारे गृहस्थ, म्हणजे समोरचे काका, सामान आत न्यायच्या आत फाटकाशी हजर.

काका माझ्या सासऱ्यांचे मित्र. वय त्र्याहत्तर, कानाला मफलर, पायात पांढरे बूट, हातात कुत्र्यांसाठी काठी. आमच्या फाटकाची एक किल्ली सासऱ्यांच्या वेळेपासून त्यांच्याकडे असते. मी गावाला गेले की ते पाणी घालतात. त्यामुळे भांडायला बळच येत नाही, हा या प्रकरणातला मुख्य कायदेशीर मुद्दा आहे.

"नऊ पोती निघाली, सूनबाई," काका म्हणाले. "नऊ! मी मोजून राहिलो होतो न."

"काका, अहो ते…"

"आभार मानू नकोस. घरचंच काम आहे. चार पोरं लावली होती, सहा ते साडेनऊ. सगळ्यांना पोहे-जलेबी मी खिलवली."

म्हणजे माझ्या बागेच्या तेराव्याचं जेवणही उरकलं होतं.

"काका, तो कचरा नव्हता. ते आच्छादन होतं."

"काय होतं?"

"आच्छादन. मातीला पांघरूण असतं तसं."

काकांनी मफलर कानावरून जरा सरकवला. "मातीला थंडी वाजते?"

"थंडी नाही हो. ऊन लागतं."

"ऊन लागतं म्हणून पांघरूण?"

"हो."

"उन्हात आपण पांघरूण काढतो, सूनबाई."

आता सांगा, यावर काय बोलायचं? आमची ही माळव्याची काळी माती. पावसाळ्यात चिकट, चप्पल ओढून घेईल अशी, आणि पाऊस गेला की सुकत सुकत मे महिन्यापर्यंत अशी फाटते की भेगेत पंजा जातो. तिच्यावर चार बोटं पाला पसरून ठेवला तर ऊन थेट लागत नाही, ओल टिकते, खाली गांडुळं येतात, बुरशीचे पांढरे धागे धरतात आणि पाला कुजून तिथल्या तिथे खत होतं. जंगलात कोणी खत टाकायला जात नाही, पाणी घालायलाही नाही. हे सगळं मी एका श्वासात सांगितलं. काकांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "बुरशी तर होतीच. मी स्वतः पाहिली. म्हणून खाली चुना मारला."

मी पायरीवर बसले.

"आणि गवत काय माजलं होतं! पोरांना म्हटलं, जपून. साप निघेल."

"ते रताळ्याचे वेल होते."

"रताळं? रताळं शेतात होतं." काका खळखळून हसले. "तुझे सासरे असते न, एक पान पडू दिलं नसतं. रोज सकाळी बनियनवर झाडायचे. आणि तू म्हणजे… नाही, नोकरी आहे तुझी, मी समजतो. वेळ मिळत नसेल."

खरं तर इथेच मला लागलं. पाला गेला तर पुढच्या वर्षी पुन्हा पडेल. पण तीन वर्षं विचार करून, वह्या भरून, मुद्दाम न झाडलेलं अंगण अख्ख्या कॉलनीच्या लेखी 'तिला वेळ मिळत नाही बिचारीला' या सदरात जमा होतं, हे मला त्या दिवशी कळलं. आळशी म्हटलं असतं तरी चाललं असतं. बिचारी?

तर या वह्यांबद्दल. रॉबर्ट हार्ट नावाचे एक इंग्रज गृहस्थ होते. इंग्लंडच्या श्रॉपशर परगण्यात, वेनलॉक एज नावाच्या डोंगरकडेला त्यांनी छोट्याशा जागेत, एकरच्या आठव्या हिश्श्यात म्हणा, रानासारखी बाग उभी केली. रानात झाडं एकमेकांच्या खांद्यावर उभी असतात तशी सात मजल्यांची. वर उंच फळझाडं, त्यांच्याखाली बुटकी, मग झुडपं, मग पालेभाज्या आणि मसाल्याची रोपं, जमिनीला चिकटून पसरणारं काहीतरी, जमिनीत कंद, आणि या सगळ्यांवर चढणारे वेल. मुख्य म्हणजे बहुतेक झाडं वर्षानुवर्षं टिकणारी. दरवर्षी खणा, पेरा, उपटा ही कटकट नाही. माणसाने शक्यतो मध्ये पडायचं नाही. हार्ट 2000 साली गेले. त्यांना समोरच्या घरात काका नव्हते, म्हणून एवढं जमलं.

हे वाचून मी थरारले होते. मग एकदा कोकणातल्या चुलत सासूबाईंना फोनवर उत्साहाने सात मजले समजावले, तर त्या म्हणाल्या, "म्हणजे वाडी!" नारळ-पोफळी वर, पोफळीवर मिरीवेल, मधे जायफळ आणि केळ, खाली अळू आणि हळद, पाला सगळा झाडाच्या बुडाशी. केरळात घरोघरी हेच, जावा बेटावरही हेच. आम्ही इंदूरकर मराठी लोक. होळकरांच्या मागोमाग आलो असं आमच्यातला प्रत्येक जण सांगतो, त्यामुळे कोकण सुटून पिढ्या झाल्या आणि घरचीच विद्या श्रॉपशरहून मागवावी लागली.

माझे मजले बारा बाय तीस फुटांत होते. वर आंबा. मग पेरू, लिंबू, कुंपणाशी सीताफळ. मग कढीपत्ता आणि तूर. तुरीच्या मुळांवरच्या गाठी हवेतलं नत्र जमिनीत धरतात, म्हणजे खाऊन वर घरभाडंही देणारी भाडेकरू. मोरीच्या पाण्यावर अळू. आंब्याच्या सावलीत हळद, कारण तिला सावली चालते. खाली रताळं. वेलांत घोसाळं, आणि माझा लाडका गराडू, म्हणजे कोनफळासारखा कंद.

उत्पन्नाचं विचारू नका. नवऱ्याने एकदा हिशोब काढला होता, त्यानुसार आम्हाला एक घोसाळं साधारण चारशे रुपयांना पडलं. पण तिसऱ्या वर्षी काहीतरी जुळायला लागलं होतं. पाणी निम्म्यावर आलं होतं. बुलबुल यायला लागले होते. पाला उचलून खाली बोट घातलं की जानेवारीतही ओल लागायची.

ते सगळं नऊ पोत्यांत गेलं. हळद काढायच्या बेतात होती, पानं पिवळी पडली होती. पोरांनी 'वाळलेलं' म्हणून पानं छाटून टाकली. खाली गड्डे आहेत, पण कुठे आहेत ते आता हळदीलाच माहीत.

आता थोडं कडू बोलते. 2017 पासून आमच्या शहराने सलग काही वर्षं स्वच्छतेत पहिला नंबर पटकावला आणि त्याचा मला खरोखर अभिमान आहे. कोपऱ्याकोपऱ्यावरचे उकिरडे आणि त्यात लोळणारी डुकरं मी विसरलेले नाही. सकाळी गाणं वाजवत गाडी येते, आम्ही कचरा सहा प्रकारांत वेगळा करतो, पाहुण्यांनी रस्त्यावर कागद टाकला तर आमची पोरं त्यांना झापतात. पण आता हात थांबत नाहीत. कचरा संपला, झाडायची सवय उरली. झाडाखाली पडलेलं झाडाचं पान हा कचरा कसा? ते त्याच्या घरी पडलंय. ते उचलायचं, पोत्यात भरायचं, डिझेल जाळून शहराबाहेर न्यायचं, तिथे त्याचं खत करायचं, आणि मग मी रोपवाटिकेत जाऊन त्याच खताची पिशवी पैसे मोजून आणायची आणि त्याच झाडाला घालायची. एवढ्यासाठी झाड बिचारं वर्षभर राबत होतं. (बिचारं हा शब्द इथे शोभतो.)

हे मी ग्रुपवर लिहिलं. जरा सौम्य करून. त्यावर ग्रुपवर संध्याकाळपर्यंत चर्चा रंगली ती अशी की वाळलेला पाला ओल्या कचऱ्यात धरायचा की सुक्या. पाला सुका आहे म्हणून सुका, हा एक पक्ष. कुजतो म्हणून ओला, हा दुसरा. एका भिडूने विचारलं, पाऊस पडला तर काय? मधेच कोणीतरी जपानच्या मियावाकींच्या दाट जंगलाचा व्हिडिओ टाकला. ती पद्धत वेगळी, त्यात देशी झाडं दाटीने लावून जंगल उभं करतात, खायचं असं नाही. पण तोवर मी मोबाइल उशीखाली घातला होता. काकांचा शेवटचा संदेश तेवढा वाचला: 'जंगल बघायचं तर रालामंडल आहे न. घरात कशाला.'

रात्री आठला बेल वाजली. दारात काका, हातात झाकलेली वाटी.

"हे घे. तुला वाईट वाटलं, मला कळलं. काकूने मुद्दाम करून पाठवलं."

झाकण काढलं. गराडू. दोनदा तळलेला, बाहेरून सोनेरी, वर जीरावन मसाला भुरभुरलेला, लिंबू पिळलेलं. इथल्या सराफ्यात रात्री खाण्याचा बाजार भरतो, तिथे हिवाळ्यात मिळतो तसा. किंबहुना जरा बराच. थंडीत असा गराडू समोर आला की इंदूरच्या माणसाला राग धरून ठेवणं शारीरिकदृष्ट्या शक्य नसतं. मी दोन तुकडे उभ्या उभ्याच खाल्ले.

"कुठून आणला, काका? सराफ्यातून?"

"सराफ्यातून कशाला? आणि मंडईत काय भाव आहे, माहीत आहे का? हा तर तुझ्याकडचाच आहे."

माझा तिसरा तुकडा हवेतच राहिला.

"अगं, भिंतीपाशी एक वाळकी दोरी लोंबत होती. पोराने ओढली, तर खाली हा एवढा." त्यांनी काठी काखेत धरून दोन्ही हातांनी माप दाखवलं. "अडीच किलोचा असेल. मी म्हटलं, बघा, हिच्या अंगणात काय काय पडलंय आणि हिला पत्ताच नाही. काकूचे मात्र हात फार खाजले सोलताना."

ती वाळकी दोरी म्हणजे माझा वेल. गराडूचा वेल हिवाळ्यात वाळतो, तेव्हा कंद तयार झाला असं समजायचं. दोन वर्षं मी तो काढला नव्हता, मोठा होऊ दिला होता. संक्रांतीला काढणार होते. फोटो काढणार होते. नवऱ्याच्या त्या चारशे रुपयांच्या घोसाळ्याला हे माझं उत्तर होतं. कॉलनीला बोलावून खिलवणार होते, आणि आता कळलं की कॉलनीने तो रविवारीच खाल्ला. चार पोरांनी, आधी जलेबी झाल्यावर. ही उरलेली वाटी माझ्या वाट्याची.

"लिंबूसुद्धा तुझंच," काका आपुलकीने म्हणाले. "येता येता तोडलं."

नवरा मागून आला, वाटीतला एक तुकडा उचलला, आणि म्हणाला, "वा! काकूंच्या हाताला चव आहे."

तेवढ्यात मला एकदम आठवलं. गराडूचं वरचं टोक, जिथून वेल फुटतो, ते खायचं नसतं, राखून ठेवायचं असतं. तेच पुन्हा लावलं की नवा वेल येतो.

"काका, त्याचं डोकं कुठे आहे?"

"कोणाचं?"

"गराडूचं! वरचा भाग. वेलाकडचा. काकूंनी कापून ठेवला असेल न?"

काका विचारात पडले. मग त्यांचा चेहरा उजळला. नियमाप्रमाणे वागलेल्या माणसाचा असतो तसा.

"ओल्या कचऱ्यात," ते म्हणाले. "हिरव्या डब्यात. गाडी तर सकाळी येते."

मी चपला घातल्या. कॉलनीतले चार लोक जेवण झाल्यावर शतपावली करत होते. त्यांच्या देखत मी काकांच्या फाटकाशी उकिडवी बसून, मोबाइलचा दिवा दातात धरून, हिरव्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला. चहाचा चोथा, मटारची सालं, पपईच्या बिया.

"सूनबाई," मागून काका काळजीने म्हणाले, "बाहेर सांडू नकोस हं. आत्ताच झाडून घेतलंय."