आठवी-नववीला नाटकाचा तास हवाच

आपल्या बहुतेक शाळांमध्ये नाटक म्हणजे गॅदरिंग. डिसेंबर आला की तीच पाच-सहा धीट, स्पष्ट बोलणारी पोरं निवडायची, पंधरा दिवस तालमी, फोटो, झालं. बाकीचा वर्ग खाली बसून टाळ्या वाजवतो. मला मनापासून वाटतं की आठवी-नववीला आठवड्यातून एक तरी तास नाटकाचा असावा आणि तो सगळ्यांना असावा, जो म्हणतो मी काही स्टेजवर जाणार नाही त्याला तर आधी.

मराठीच्या पुस्तकात नाट्यउतारे येतातच की. पण वर्षानुवर्षं आपण विचारत काय आलो? कोण कोणास म्हणाले. का म्हणाले ते राहूनच जातं. तालमीत पहिला प्रश्न तोच असतो. मी एका शाळेत तालमी घ्यायला जाते, तिथे नववीच्या वाचनात एक साधं वाक्य होतं, "आई, मी निघते." मुलीने धडा वाचावा तसं वाचलं. मग सगळ्यांना विचारलं, ही का निघालीय, भांडण झालंय, बसची वेळ झालीय, की आईचं दुखणं बघवत नाहीये म्हणून? एकेकीने आपापल्या कारणाने म्हणून दाखवलं आणि आईचं काम करणारा मुलगा (हो, मुलगाच होता) दर वेळी वेगळ्या आवाजात "जा" म्हणाला, कारण आता तो ऐकत होता. नाटकात आपली वाक्यं पाठ असून भागत नाही, आपण कधी बोलायचं याची खूण, म्हणजे क्यू, समोरच्याच्या वाक्यात असतो, त्यामुळे ऐकावंच लागतं. हे चौदा वर्षांच्या मुलांना दुसऱ्या कुठल्या तासात शिकवतो आपण?

आणि नाटक म्हणजे फक्त अभिनय नाही. म्युझिक ऑपरेट करणारा, लाइट्स बघणारा, प्रॉपर्टी मांडणारा, विंगेतला प्रॉम्प्टर, ही सगळी कामंच आहेत. फोनची बेल वेळेवर वाजली नाही तर स्टेजवरची मुलगी अडकून उभी राहते, हे एकदा कळलं ना की वर्गात सतत चुळबुळ करणारा मुलगासुद्धा तासभर स्क्रिप्टवरून नजर हटवत नाही. दुसऱ्याचं काम माझ्यावर अवलंबून आहे हे त्याला भाषणातून कळलं नसतं.

आपल्याकडे याची कमी आहे असंही नाही. तळकोकणात दशावतारात लिखित संहिता नसताना कलाकार रंगमंचावर जागच्या जागी संवाद रचतात. तिकडे गडचिरोली-चंद्रपूरच्या झाडीपट्टीत रात्ररात्र नाटकं चालतात आणि पोरंही ती बघत मोठी होतात. त्या भागातल्या शाळेतल्या मुलाकडे जे आहे ते आपल्या गुणपत्रिकेत कुठल्याच रकान्यात बसत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. सुधा करमरकरांनी १९५९ मध्ये मुलांसाठी लिटिल थिएटर सुरू केलं, १९८६ मध्ये पुण्यात मोहन आगाशेंनी ग्रिप्स या जर्मन बालरंगभूमीची नाटकं आणली, मोठं काम आहे हे. पण ग्रिप्समध्ये मुलांच्या भूमिका मोठी माणसं करतात. ते बघणं वेगळं आणि मुलांनी स्वतः करणं वेगळं, दोन्ही हवं.

पालक म्हणतात दहावी तोंडावर आहे. म्हणून तर आठवी-नववी म्हणतेय. २०२० च्या शैक्षणिक धोरणातही कला आणि अभ्यास यांच्यात भिंत नको असं लिहिलंय, मग वेळापत्रकात तास यायला काय हरकत आहे? खर्च म्हणाल तर सुरुवातीला काहीच नाही. बाकं भिंतीला सरकवायची, पाच-पाच जणांचे गट करायचे, पुस्तकातलाच एखादा प्रवेश घ्यायचा. स्पर्धा नको, बक्षीस नको, पाहुणेही नकोत. फक्त तास चालू ठेवेल असा एक शिक्षक आणि त्याला मोकळीक देणारे मुख्याध्यापक हवेत. जूनमध्ये पालकसभा होईल तेव्हा टिफिन आणि युनिफॉर्मच्या आधी हा विषय काढा, मी आमच्या शाळेत काढणार आहे.